आधी कनवटी, मग टाका

बडोद्यात दांडिया बाजार परिसरातील मराठी मुलांना सुट्टीत जुने भरतकाम शिकवायला घेतले, तेव्हा सुई हाती देण्याआधी मी त्यांना विचारले की, खिसाच नसता तर पैसे कुठे ठेवले असते. टाके ज्या वस्तूसाठी घातले जात ती वस्तूच मुलांना कळली नाही, तर भरतकाम नुसते नक्षीपुरते उरते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून सुरुवात कमरेशी पैसे खोचून ठेवायची धोतराची कनवटी, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलेली नाणी, कमरेला बांधायची पैशांची पिशवी म्हणजे कसा आणि पान, सुपारी, चुना, कात यांचे वेगवेगळे कप्पे असलेली, गुंडाळून दोरीने बांधायची चंची यांपासून केली. अठराव्या शतकात युरोपातील स्त्रियाही भरतकाम केलेले सुटे खिसे फितीने कमरेला बांधून घागऱ्याच्या आत वागवत, हे सांगताच एका मुलीने विचारले, "काकू, मग पळताना पैसे पडत नसत का?" त्या प्रश्नावरूनच आम्ही बटव्याकडे वळलो.

मांजरपाटाचा तुकडा रिंगेत ताणून, सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर घेऊन साखळी टाका शिकवला. सुई जिथून वर आली तिथेच पुन्हा खाली घालायची, दोऱ्याचा फास डाव्या अंगठ्याखाली धरायचा आणि टोक त्या फासातून वर काढायचे. दोरा जास्त ओढला की कापडाला चुण्या पडतात. मुलांचा बराच वेळ तिथेच जातो आणि तो जाऊ द्यावा. कच्छचे मोची कारागीर हीच साखळी आकडेदार आरीने, कापडाखालचा दोरा वर ओढून घालत, हे ऐकल्यावर सर्वांना आरी हवी होती. काहींना मोतीही लावायचे होते, कारण बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेल्या मोत्यांच्या गालिच्याविषयी मीच सांगितले होते; पण साखळी एकसारखी येईपर्यंत मी मोती दिले नाहीत.

भरून झाल्यावरच बटवा शिवला. नेफ्यात एक नाडी डावीकडून ओवून डावीकडेच बाहेर काढली, दुसरी उजवीकडून. दोन्ही ओढल्या की तोंड घट्ट मिटते. पळण्याच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी नाणी भरून, अंगणात धावून स्वतःच तपासले. एकावर एक कप्पे शिवायची चंची मात्र मोठ्या मुलांकडेच सोपवली असून ती अजून पूर्ण व्हायची आहे.