आधी बी-वन

गणपतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. ओपीडी सुरू व्हायच्या आतच कॅज्युअल्टीतून सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, तुमची स्लीव्हची एक पेशंट आलीय. उलट्या थांबत नाहीत. आणि जरा बरळतेय."

नुसत्या उलट्या असत्या तर मी चहा संपवून गेले असते. स्लीव्हनंतरच्या, म्हणजे वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेनंतरच्या, पहिल्या काही महिन्यांत भराभर खाल्लं, नीट चावलं नाही की उलटी होते. आमच्याकडे ते रोजचंच. बरळण्याचं मात्र काही केल्या पटेना.

नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या टीममध्ये मी आहारतज्ज्ञ आहे. सर्जनचं काम काही तासांत आटपतं. पुढे जन्मभर काय खायचं, कोणती गोळी कशाबरोबर घ्यायची नाही, हे माझ्या खात्यात येतं. (रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बाई चाळिशीच्या आतल्या, निफाडकडच्या शेतकरी घरातल्या. मधुमेह, गुडघे आणि ११८ किलो वजन. अडीच महिन्यांपूर्वी स्लीव्ह झालेली, म्हणजे जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी केलेली. पहिल्या महिन्याच्या तपासणीला हसतखेळत आल्या होत्या. दुसऱ्या महिन्याला आल्याच नाहीत. टोमॅटोची तोडणी सुरू झालेली, मालक मार्केटला, बाईंना आणणार कोण?

बेडजवळ गेले तर त्यांनी मला जावेच्या नावाने हाक मारली. काल पंढरपूरला जाऊन आले म्हणाल्या. नवऱ्याने मान हलवली. त्या महिनाभर गावाबाहेर पडल्या नव्हत्या. एका बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं थरथरायची. "दोन-दोन माणसं दिसत्यात" हे त्यांनी दोनदा सांगितलं. गेले काही दिवस भिंत धरून चालते, नवरा म्हणाला, "प्यायल्यासारखी." गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बायकोबद्दल हे बोलताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

स्टँडला डीएनएसची बाटली लटकत होती. डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, आणि नॉर्मल सलाईन (एनएस). आदल्या दोन दिवसांत गावाकडच्या दवाखान्यातही तेच चढवलेलं. "तिथं सलाईन लावलं आन् त्याच रात्रीपासून जास्त बिघडली," नवऱ्याने आपणहून सांगितलं. हे वाक्य केसपेपरवर कुणी लिहिलेलं नव्हतं.

हे गंभीर का, ते सांगते. शरीरातला बी-वनचा, म्हणजे थायमिनचा, साठा फार तर २५ ते ३० मिलिग्रॅम असतो. पोटात काही टिकत नसेल तर तो दोन-तीन आठवड्यांत संपतो. बी-१२ वर्षानुवर्षं पुरतं, लोह काही महिने पुरतं, बी-वन नाही. पेशींना ग्लुकोज जाळायला हे बी-वन लागतं. ते तळाला गेलेलं असताना शिरेतून ग्लुकोज ओतलं की उरलंसुरलंही त्या कामात खर्ची पडतं, आणि पहिला फटका मेंदूला बसतो. डोळे हलायला लागतात, तोल जातो, माणूस असंबद्ध बोलतो. कार्ल वर्निकी या जर्मन डॉक्टरने १८८१ साली याचं वर्णन केलं, म्हणून आजाराला त्याचं नाव. तिन्ही लक्षणं एकत्र असलेले रुग्ण कमीच भेटतात. आमच्या बाईंना तिन्ही होती.

रजिस्ट्रार तरुण, हुशार, रात्रभर जागा. मी म्हटलं, "डॉक्टर, डीएनएस थांबवू या. साधं एनएस लावा, आणि आधी थायमिन द्या, शिरेतून, मोठ्या डोसमध्ये. वर्निकी वाटतंय."

तो हसला. उद्धटपणे नाही, थकून. "मॅडम, वर्निकी दारुड्यांना होतो. या माळकरी आहेत."

"उलट्या किती दिवस आहेत विचारलंत?"

"तीन आठवडे. गॅस्ट्रायटिस आहे, पँटोप्रॅझोल आणि ऑन्डॅन्सेट्रॉन चालू आहे. आणि हे बघा, सलाईनमध्ये एमव्हीआय टाकलंय." त्याने एमव्हीआयने, म्हणजे जीवनसत्त्वांच्या मिश्रणाने, पिवळ्या पडलेल्या बाटलीकडे बोट दाखवलं. ती पिवळी बाटली बघितली की नातेवाइकांना बरं वाटतं. डॉक्टरांनाही वाटतं, हे त्या दिवशी कळलं. त्या मिश्रणातली बी-वनची मात्रा अशा रुग्णासाठी फारच तुटपुंजी. रिकामी झालेली कोठी त्याने भरत नाही. अशा रुग्णाला दिवसातून तीनदा ५०० मिलिग्रॅमपर्यंत देतात.

"आपण लेव्हल पाठवू," तो म्हणाला. "रिपोर्ट आला की ठरवू."

थायमिनची लेव्हल आमच्याकडे होत नाही. नमुना बाहेर जातो आणि रिपोर्ट यायला दिवस जातात. तोवर थांबायचं नसतं. संशय आला की द्यायचं, हे मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. ते मी म्हटलंही. त्यावर जे उत्तर यायचं तेच आलं: "मॅडम, तुम्ही डाएट बघा ना."

आमचे सर्जन ओटीत होते, लॅप्रोस्कोपी सुरू, दुपारपर्यंत मोकळे होणार नव्हते. बाई दाखल झाल्या होत्या फिजिशियनच्या नावावर आणि ते अजून राउंडला आले नव्हते. मला औषध लिहायचा अधिकार नाही, तो असावा असंही माझं म्हणणं नाही. पण केसपेपरवर आहाराची नोंद करायचा आहे. तिथे मी लिहिलं: तीन आठवडे उलट्या, सप्लिमेंट बंद, बाहेर दोन दिवस डेक्स्ट्रोज, त्यानंतर गोंधळ वाढला, डोळ्यांची थरथर, तोल जातो, थायमिनच्या कमतरतेचा दाट संशय, ग्लुकोजच्या आधी थायमिन देण्याबाबत डॉ. रजिस्ट्रार यांना तोंडी कळवले. खाली वेळ आणि सही. बोललेलं हवेत विरतं. वेळेनिशी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी कुणीतरी वाचतं, हे हॉस्पिटलात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. रजिस्ट्रारने ती नोंद वाचली आणि फिजिशियन सरांना फोन लावला.

सर आले ते तापूनच. "ही काय नोट आहे? मला न विचारता?"

त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. सोडियम १३१, पोटॅशियम २.९; नुसत्या या आकड्यांनीही माणूस मलूल होतो. मधुमेही बाई, पक्षाघाताची शक्यता आधी बाद करायला हवी, म्हणून एमआरआय. शिरेतल्या थायमिनने क्वचित तीव्र ॲलर्जी येते, तेही खरंच. पण एमआरआयचा नंबर दुपारी दीडचा होता. "एमआरआय नॉर्मल आला तरी वर्निकी नाही असं होत नाही ना, सर?" मी विचारलं. "आणि साखर १०४ आहे. ती कमी असती तर ग्लुकोज लगेच द्यायला मीच म्हटलं असतं. आता ते कशासाठी?"

सर काही बोलले नाहीत. बाईंच्या डोळ्यांसमोर बोट धरून डावीकडे, उजवीकडे नेलं. मग दोघांनी धरून उभं केलं. पाय फाकवून उभ्या राहिल्या आणि लगेच कलल्या. पुन्हा बसवून त्यांनी पायांचे रिफ्लेक्स पाहिले. हे सगळं सकाळपासून कुणी केलं नव्हतं.

"डीएनएस काढा. थायमिन ५०० एनएसमध्ये, अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा," ते रजिस्ट्रारला म्हणाले. "आणि मॅग्नेशियम पाठवलंय का? नाही? पाठवा. ते कमी असेल तर थायमिन नुसतं जाईल, काम करणार नाही." मॅग्नेशियम खरोखरच कमी निघालं. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी मला फोन करा, मग लिहा."

यानंतर जे झालं त्याला प्रहसनच म्हणावं लागेल. आमच्या फार्मसीत नुसतं थायमिन नव्हतं. बी-कॉम्प्लेक्सची लाल इंजेक्शनं हवी तेवढी, पण त्यातून ५०० मिलिग्रॅम थायमिन द्यायचं तर बाकीच्या जीवनसत्त्वांचा मारा होणार. वॉर्डबॉय बाहेरच्या मेडिकलमध्ये धावला. दोन दुकानं फिरून तिसऱ्यात मिळालं. किंमत विचाराल तर, त्याच बिलात ॲसिडिटीचं औषध त्याहून महाग होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर डोळ्यांची थरथर बरीच कमी झाली होती. दोन-दोन दिसणं थांबलं होतं. मला त्यांनी "मॅडम" म्हटलं. वर्निकीत डोळे असेच झपाट्याने सुधारतात, चाल मागे राहते. बाईंना घरी जाताना वॉकर लागला, तळपायांच्या मुंग्या कित्येक महिने गेल्या नाहीत, आणि त्या आठवड्यातलं त्यांना आजही काही आठवत नाही. एंडोस्कोपीत उलट्यांचं कारण मिळालं. जठराची नळी वळते तिथे ती आकसली होती. फुग्याने रुंद केली आणि अन्न खाली उतरायला लागलं.

मग मी बाईंच्या घरचा, खाण्यापिण्याचा हिशेब काढला. उलट्या सुरू झाल्या श्रावणात. काही टिकत नाही म्हणून सासूबाईंनी प्रेमाने जे दिलं ते असं: ग्लुकोज पावडरचं पाणी, साबुदाण्याची पेज, पांढऱ्या तांदळाची साखर घातलेली खीर. प्रत्येक गोष्ट पचायला हलकी, आणि एकातही नाव घ्यावं इतकं बी-वन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरने पाहिलं होतं की पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की उभ्या राहतात. त्या कामासाठी त्याला १९२९ साली नोबेल मिळालं. कोकणात नि गोव्यात उकड्या तांदळाची पेज आजाऱ्याला देतात, त्यात मात्र बी-वन बऱ्यापैकी टिकतं, कारण उकडताना ते कोंड्यातून दाण्यात शिरतं. निफाडच्या स्वयंपाकघरात उकडा कुठून असणार?

आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या? त्या बंद केल्या होत्या गावच्या डॉक्टरांनी.

हे डॉक्टर त्या घराचे जुने डॉक्टर. बाईंची दोन्ही बाळंतपणं त्यांच्या हाताखाली झालेली. मी फोन केला. "पोटात पाणी ठरत नाही आणि रोज सात गोळ्या?" ते म्हणाले. "उलट्या त्या गोळ्यांनीच होत होत्या. शिवाय मॅडम, तुमच्या काउंटरवर ती बॅरिॲट्रिकची पाकिटं कितीला देता? मी तीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. टॉनिकचा धंदा मला कळतो."

त्यांना उडवून लावणं सोपं होतं, पण पाकिटांबद्दल ते म्हणतात त्यात तथ्य आहे. बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचं, नाव छापलं की त्याच जीवनसत्त्वांची किंमत चढते, आणि टोमॅटोचा भाव पडला की शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात आधी बंद होतं ते हेच पाकीट. मी त्यांना म्हटलं, "सर, पाकीट सोडा. पण ही टॉनिकं नाहीत. यांच्या जठरात आम्ल कमी, बी-१२ शोषायला लागणारा घटक कमी, आणि खाणं मूठभर. जेवणातून भागणारच नाही, जन्मभर. आणि गोळ्यांनी उलटी होत असेल तर गोळ्या थांबवून चालत नाही, इंजेक्शनवर जावं लागतं. तीन-चार दिवस उलटी थांबली नाही तरी बी-वन टोचायचं."

मग आम्ही दोघांनी फोनवरच गावच्या मेडिकलमध्ये मिळतील अशा साध्या औषधांची यादी केली. बी-वनची गोळी रोज. बी-१२चं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन महिन्यातून एकदा, ते त्यांच्याच दवाखान्यात. डी-थ्रीची, म्हणजे ड जीवनसत्त्वाची, पुडी. पाळी चालू आहे म्हणून लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, आणि ते कॅल्शियमपासून दोन तास लांब. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६००च्या वर नाही.

कॅल्शियमवर मात्र गाडी अडली. मी सायट्रेट म्हणत होते, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि या बाईंच्या जठरात ते बेताचंच, वर ॲसिडिटीची गोळी चालू. त्यांचं म्हणणं, कार्बोनेट स्वस्त, जेवणाबरोबर दिलं की पुरेसं शोषलं जातं, आणि सायट्रेटची गोळी एवढी मोठी की बाई पुन्हा ओकतील. मी चावून खायच्या गोळ्या सुचवल्या. ते म्हणाले, त्या इथे मिळत नाहीत. बराच वेळ झाला तरी कुणीच हटलं नाही. शेवटी ठरलं की तीन महिन्यांनी पॅराथायरॉइड हार्मोन (कॅल्शियम कमी पडलं की हे वाढतं) आणि डीची पातळी बघायची आणि मग काय ते बोलायचं.

आमच्या डिस्चार्ज कार्डावर आता मराठीत, मोठ्या टायपात एक चौकट असते: सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोज सलाईनच्या आधी बी-वनचं इंजेक्शन; हे कार्ड डॉक्टरांना दाखवा. मजकूर मी लिहिला, मॅग्नेशियमची ओळ फिजिशियन सरांनी घातली. फार्मसीतल्या बाईंनी थायमिनचा साठा मागवला, पण त्याआधी तीनदा विचारलं की कालबाह्य झालं तर जबाबदार कोण.

तीन महिन्यांनी बाईंचे रिपोर्ट आले. बी-१२ छान, हिमोग्लोबिन चाललंय. पॅराथायरॉइड वरच्या मर्यादेच्या किंचित पुढे. मी तो आकडा गावच्या डॉक्टरांना पाठवला. उलटटपाली उत्तर आलं: "डी कमी आहे, आधी ते भरू. कार्बोनेट चालू ठेवतोय." मी पुन्हा फोन लावला.