बाकी काय म्हणते?

भागाकार करताना बाकीला कुणी फारसा भाव देत नाही, उत्तर मोठ्या अक्षरात आणि बाकी बिचारी कोपऱ्यात. पण भाचीला होमवर्क आलाय त्यात उत्तराचं कुणाला काही पडलेलंच नाही, फक्त बाक्या लिहायच्या आणि पॅटर्न शोधायचा.

2, 4, 8, 16, 32, 64 घ्या, प्रत्येकाला 7 ने भागा, बाक्या येतात 2, 4, 1, 2, 4, 1, आणि हे असंच चालू राहतं. मग 2 चा शंभरावा घात, म्हणजे चांगली 31 अंकी संख्या, त्याची बाकी तोंडी सांगता येते, कारण 100 ला 3 ने भागलं की उरतो 1, म्हणजे चक्रातली पहिलीच बाकी, 2. भाची म्हणे ही चीटिंग आहे. नाहीये गं! 7 ने भागल्यावर बाकी 0 ते 6 मधलीच येणार, आणि पुढची बाकी आधीच्या बाकीवरूनच ठरते (दुप्पट करा, 7 च्या वर गेली तर 7 काढा), मग आज ना उद्या जुनी बाकी परत येणारच, आणि ती आली की पुढची सगळी वरात तिच्यामागून. वर्गसंख्या तर अजून भारी, 1, 4, 9, 16, 25, 36 च्या बाक्या 1, 4, 2, 2, 4, 1, उलटसुलट कशाही वाचा सेमच.

खरी मजा मात्र मूळ संख्यांनी आणली. 5 पासून पुढच्या मूळ संख्यांना 6 ने भागलं तर बाकी 1 किंवा 5 च येते, दुसरी काही आली तर ती संख्या 2 ने नाहीतर 3 ने कटते. 5, 7, 11, 13, 17, 19, 23 करून बघा, 5, 1, 5, 1, 5, 1, 5. वा! भाचीने लगेच खाली ‘एकाआड एक’ असं लिहून डबल अंडरलाइन मारली, आणि मी म्हटलं पुढची एक कर की. पुढची 29, बाकी परत 5. मग खोडरबर, चिडचिड, आणि शेवटी तिने मधे हळूच 25 घुसवला, बाकी 1, पॅटर्न एकदम फिट्ट, फक्त पाचा पाचा पंचवीस हे तिला दुसरीपासून पाठ आहे.