घोट्याचं प्रेशर घेताना

"मना पाय दुखस," म्हणत आबा टेबलावर बसतात आणि लगेच पाय पुढे करतात. मी आधी त्यांना उताणं झोपवतो, दहा मिनिटं, गप्पा बंद. पायाची धमनी अरुंद असेल तर चालून आल्याआल्या घोट्याचं प्रेशर आणखी उतरलेलं असतं, तो आकडा धरता येत नाही. जानेवारीत जळगावात सकाळी पाय गार पडलेले असतात, तेव्हा पायावर रग. मे महिन्यात कूलरचा झोत दुसरीकडे वळवायचा.

सामान थोडंच: 8 मेगाहर्ट्झचा हँड डॉपलर (रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवणारं हातातलं यंत्र), बीपीचा कफ, जेली. चित्र दिसत नाही, सगळा खेळ कानाचा. धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींची वारंवारता बदलते आणि तो फरक ऐकू येईल एवढा असतो. प्रोब, म्हणजे यंत्राचा कातडीवर धरायचा दांडा, उभा धरला की आवाज जवळजवळ जातोच. 45 ते 60 अंशांत तिरका, तोंड गुडघ्याकडे.

खरी चूक होते ती दाबण्यात. पायाच्या पाठीवरची धमनी कातडीलगत, हाडावर असते. जरा जोर दिला की तीच बंद, आणि कागदावर "नाडी नाही"! मी करंगळी पायावर टेकवतो, प्रोब नुसता जेलीवर. निरोगी धमनी तीन ठेक्यांत बोलते, अडथळ्याच्या पुढे एकच लांबट ठेका उरतो. श्वासाबरोबर कमीजास्त होणारा वाऱ्यासारखा आवाज आला तर ती धमनी नाही, रक्त परत नेणारी शीर आहे, प्रोब सरकवा.

कफ घोट्याच्या हाडाच्या दोन सेंटिमीटर वर, जखमेवर नाही. आवाज थांबल्यावर आणखी 20 मिमी (पाऱ्याचे) हवा भरून सेकंदाला 2 मिमीने सोडायची. घाईने सोडलं की आकडा कमी येतो. पहिला ठेका परतला ते प्रेशर. तुलनेसाठी दंडाचं प्रेशरही घ्यायचं, तिथेही स्टेथोस्कोप नको, डॉपलरच. दोन्ही दंडांतलं मोठं 142, उजव्या पायाच्या दोन धमन्यांतलं (पायाच्या पाठीवरची आणि घोट्यामागची) मोठं 104, तर पायाचं भागिले दंडाचं, 0.73. 0.90 किंवा त्याखाली म्हणजे पायात रक्त कमी पोचतंय.

1.40 च्या वर आलं की मात्र "पाय ठणठणीत" म्हणून आबांना घरी पाठवू नका. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साचतो, कफ ती दाबूच शकत नाही. कधी तर 250 पर्यंत फुगवूनही ठेका चालूच. अशा वेळी मी पायाच्या अंगठ्याला छोटा कफ लावतो. तिथल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक झालेल्या नसतात.