चंची, चक्री आणि वयाचा शिक्का

गेल्या हिवाळ्यात आमचा पहिला मोबाइल गेम एका मोठ्या ऑनलाइन स्टोअरवर चढवताना मी परभणीतल्या माझ्या खोलीत रात्री साडेअकरा वाजता, गेमला वयाचा शिक्का मिळण्यासाठी भरायच्या प्रश्नावलीतल्या एका प्रश्नापाशी अडकून बसलो होतो. गेममध्ये तंबाखूचा वापर किंवा उल्लेख आहे का, एवढेच विचारले होते आणि उत्तर हो किंवा नाही असे द्यायचे होते. गेममधल्या आजोबांच्या कमरेला चंची आहे. ते ती सोडतात, पान काढतात, चुना लावतात, तंबाखूची चिमूट टाकतात आणि मग बोलायला लागतात. चित्रे काढणारा माझा मामेभाऊ शेजारी बसला होता. चंची काढून टाकू का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "दादा, चंची नसलेला म्हातारा कुठं पाहिलास तू?"

गेम जवारीच्या राखणीचा आहे. जवारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात आणि मग पोरांनी दिवसभर माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची, हे आमच्या भागात माझ्या पिढीपर्यंत तरी सर्वांनी केलेले काम आहे. नातू माळ्यावर, आजोबा खाली बांधावर, कणसे वाचवून सुगी घरी आणायची आणि शेवटी मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला जायचे, असा सगळा खेळ आहे. आम्ही दोघांनी नोकऱ्या सांभाळून दोन वर्षे तो केला. यात मुलांना न दाखवण्याजोगे काही असेल, असे आम्हाला त्या रात्रीपर्यंत सुचलेही नव्हते.

वयाचे हे शिक्के आले कुठून, हे मी नंतर वाचून काढले. अमेरिकेत १९९३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप' या गेमवरून सुनावण्या झाल्या. सरकार कायदा करील या धास्तीने उद्योगानेच १९९४ मध्ये गेमना वयाचे शिक्के देणारी ईएसआरबी ही संस्था उभी केली. असेच मंडळ म्हणून युरोपात २००३ पासून पेगी आहे, जपानमध्ये सेरो आहे आणि जर्मनीत युएसकेच्या शिक्क्याला २००३ पासून कायद्याचे बळ आहे. या मंडळांची रीत मोठ्या कंपन्यांना सोसणारी होती. शुल्क भरायचे, गेममधल्या आक्षेपार्ह भागांचे चित्रण पाठवायचे, आणि हे प्रत्येक प्रदेशासाठी वेगळे करायचे. दोन माणसांच्या गेमला ते परवडणे शक्यच नव्हते. २०१३ मध्ये यांतल्या काही मंडळांनी मिळून आयएआरसी नावाची एक सामाईक व्यवस्था केली आणि २०१५ मध्ये गूगल प्लेने ती स्वीकारली, तेव्हा हा अडसर दूर झाला. आता निर्मात्याने एकच प्रश्नावली भरायची, पैसे द्यायचे नाहीत, आणि काही क्षणांत युरोप, अमेरिका, ब्राझील, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा सगळ्यांचे वेगवेगळे आकडे ईमेलने हाती पडतात. भारताचे स्वतःचे मंडळ नसल्यामुळे आपल्याकडे ३+, ७+, १२+, १६+, १८+ हे सर्वसाधारण आकडे दिसतात. ही सोय मोठी आहे आणि तिचे श्रेय मी नाकारत नाही. ती नसती तर परभणीचा गेम परभणीतच राहिला असता.

मात्र पैशांची अडचण संपली की दुसरी उघडी पडते. प्रश्नावली उत्तर मागते, प्रसंग मागत नाही. सजीवावर हिंसा आहे का, असा प्रश्न आला तेव्हा मी गोफणीकडे पाहत राहिलो. राखणीची गोफण पाखरू मारण्यासाठी नसतेच. दोरीचा फटकारा वाजला की थवा उठतो, दगड कुठे तरी ढेकळांत जाऊन पडतो. आमच्या गेममध्येही दगड पाखराला लागत नाही, म्हणून मी नाही असे लिहिले आणि ते खरे होते. तरी हात थरथरला, कारण उत्तर चुकीचे ठरले तर मंडळ नंतर आकडा बदलू शकते आणि गेम दुकानातून उतरूही शकतो, हे मी त्याच संध्याकाळी वाचले होते.

तंबाखूच्या प्रश्नाने मात्र आम्हाला खरोखर विचार करायला लावला. २०२१ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या वर्गीकरण मंडळाने 'डिस्को एलिसियम' या गेमच्या नव्या आवृत्तीला वर्गीकरणच नाकारले होते, म्हणजे तिथे तो विकताच आला नसता. अंमली पदार्थ घेतले की पात्राची ताकद वाढते, म्हणजे व्यसनाला बक्षीस मिळते, असा आक्षेप होता. पुढे मे महिन्यात फेरविचार झाला, त्या व्यसनाचे दुष्परिणामही गेम दाखवतो हे मान्य झाले आणि प्रौढांसाठीचा शिक्का मिळाला. हा शिक्का तरी त्यांच्याकडे होता, कारण २०१३ पूर्वी ऑस्ट्रेलियात गेमसाठी अठरा वर्षांवरचा वर्गच नव्हता. हे वाचताना मला आमच्याच गेममधली एक गोष्ट आठवली आणि थोडी लाज वाटली. सुरुवातीच्या आवृत्तीत आजोबांनी चंची सोडली की नातवाच्या गोफणीचा पल्ला वाढत असे. आम्ही ते गंमत म्हणून ठेवले होते. आमच्या भागात तंबाखूने तोंड गेलेली माणसे प्रत्येक गल्लीत आहेत, आणि आम्ही दहा वर्षांच्या पोराला सांगत होतो की आजोबांनी तंबाखू खाल्ली की तुझे काम सोपे होते. तो भाग आम्ही काढला. चंची ठेवली, कारण ती त्या माणसाची आहे, पण आता ती सोडल्याने खेळणाऱ्याला काही मिळत नाही. प्रश्नावलीत मी हो लिहिले. परक्या मंडळाचा नियम वाचून आपल्या कामातली खोट दिसली, तर ते मान्य करण्यात कमीपणा वाटू नये, असे मला वाटते.

चक्रीचे प्रकरण इतके सरळ नव्हते. माळेगावची यात्रा म्हटली की घोडे, गाढवे, उंट, खंडोबाची पालखी आणि लावणीचे फड हे सगळे येते, तशी पालांमधली, पैसे लावून खेळायची आकड्यांची चक्रीही येते. आमच्या गेमच्या शेवटी नातवाजवळ राखणीची म्हणून मिळालेली थोडी नाणी असतात, ती चक्रीवर लावता येत होती, आणि बहुतेक वेळा ती जात होती. खरा पैसा कुठेच नव्हता, नाणी विकतही मिळत नव्हती. गंमत अशी की चक्री हरण्यासाठीच रचली होती. पोराने नाणी घालवायची, आजोबांनी काही न बोलता त्याला आपल्या पैशाची भेळ घेऊन द्यायची, हा आमच्या मते गेममधला सर्वांत हळवा प्रसंग होता. जुगाराचे अनुकरण आहे का, या प्रश्नाला मी प्रामाणिकपणे हो म्हटले आणि ईमेल आली. युरोपसाठी १८. ऑस्ट्रेलियासाठी १८. भारतात दिसणारा आकडाही ३+ च्या बराच वर आला.

याला कारण आहे आणि ते अगदीच निराधार नाही. जुगार शिकवणारे किंवा त्याला झळाळी देणारे गेम १८ चे, असा पेगीचा २०२० पासूनचा नियम आहे. ऑस्ट्रेलियानेही २२ सप्टेंबर २०२४ पासून जुगाराचे अनुकरण असलेल्या नव्या गेमना प्रौढांचा वर्ग लावला. मोबाइलवर कॅसिनोची नक्कल करणाऱ्या गेमचा जो सुळसुळाट झाला आहे, तो पाहिला तर या नियमांचा हेतू पटतो. तरीही नियमाची चाळणी कोणाला अडवते हे पाहण्यासारखे आहे. कॅनडातल्या एका अनामिक निर्मात्याने एकट्याने केलेला 'बलाट्रो' फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. त्यात पोकर या पत्त्यांच्या जुगारातले हात, म्हणजे पानांचे संच आहेत, पण पैज नाही, खरा पैसा नाही. काही दिवसांतच त्याचा आकडा ३ वरून १८ झाला आणि काही देशांतल्या दुकानांतून तो काही काळ उतरवला गेला. त्याच वेळी 'ईए स्पोर्ट्स एफसी' या फुटबॉलच्या गेमवर, ज्यात आत काय निघेल हे माहीत नसलेली खेळाडूंची पाकिटे खऱ्या पैशांनी विकली जातात, पेगीचा आकडा ३ होता. बलाट्रोच्या निर्मात्याने हा विरोधाभास उघडपणे बोलून दाखवला. प्रकाशकाने अपील केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पेगीच्या तक्रार मंडळाने तो १२ वर आणला. 'लक बी अ लँडलॉर्ड' या दुसऱ्या छोट्या गेमलाही तेव्हाच १२ मिळाले.

म्हणजे दाद मिळते. पण ती साधारण वर्षभराने मिळाली, आणि तोपर्यंत बलाट्रोच्या पन्नास लाख प्रती खपल्या होत्या व त्याच्यामागे अपील लढवणारा प्रकाशक होता. अपीलाचा दुवा आमच्याही ईमेलमध्ये होता. तो दाबून इंग्रजीत काय लिहावे, हे मला खरेच सुचेना. यात्रा म्हणजे काय, पाल म्हणजे काय, पोराने चक्रीवर पैसे घालवणे हा आमच्याकडे शहाणे होण्याचा एक टप्पा कसा आहे, हे सगळे समजावून सांगायचे आणि मग म्हणायचे की आम्ही जुगाराला झळाळी देत नाही. मी तीन मसुदे केले आणि तिन्ही पुसले. युरोपात आमचा मराठी गेम घेणार तरी कोण, असेही मनात आले. पण फटका युरोपात बसणारच नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी हा गेम वर्गात दाखवणार होते, आणि फोनवरचा तो वाढलेला आकडा पाहून ते काय म्हणाले असते, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

आकड्याचे हे वजन छोट्या निर्मात्याला नेहमी उशिरा कळते. संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने १५ नोव्हेंबर २०२४ पासून जर्मनीत शिक्का नसलेले गेम दिसायचेच बंद केले. प्रश्नावली तिथेही फुकटच होती, पण ज्यांनी आपला जुना गेम सोडून दुसरे काम धरले होते त्यांनी ती भरली नाही आणि त्यांचे गेम त्या देशात नाहीसे झाले. मोठ्या कंपनीत असल्या कागदपत्रांसाठी स्वतंत्र माणूस असतो. इथे तोच माणूस कोड लिहितो, तोच पोस्टर करतो आणि तोच रात्री साडेअकराला चुन्याचा विचार करतो. शिवाय गूगल प्लेवर वयाचा आकडा वेगळा आणि गेम कोणत्या वयाच्या मुलांसाठी आहे हे सांगणे वेगळे. ३+ मिळाले म्हणून गेम मुलांसाठीचा ठरत नाही, आणि मुलांसाठी आहे असे सांगितले की जाहिरातींचे व माहिती गोळा करण्याचे निराळे नियम लागू होतात. हा फरक लक्षात यायला मला एक महिना लागला.

आपल्या देशात सिनेमाला नोव्हेंबर २०२४ पासून यूए ७+, १३+, १६+ असे बारीक वर्ग आले, पण गेमसाठी असे मंडळ नाही. ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घालतो, म्हणजे त्याची नजर खऱ्या पैशावर आहे. त्या मोजपट्टीने आमची चक्री निर्दोष ठरते आणि युरोपच्या मोजपट्टीने प्रौढांची ठरते. दोन्ही मोजपट्ट्या एकाच फोनवर लागू आहेत.

आणि ज्या घरासाठी हा सगळा खटाटोप आहे, तिथे काय चालते? जिंतूरला माझ्या बहिणीकडे एकच चांगला फोन आहे, तो दाजींचा. खाते त्यांच्या नावावर, वय त्यांचे, आणि संध्याकाळी फोन भाच्याच्या हातात. दुकानातून फोनवर गेम घेताना पालकांची मर्यादा लावता येते हे बहिणीला माहीत नव्हते. मी ती लावून दिली तेव्हा तिने आधी विचारले, आकडा कोण ठरवतं? मी म्हणालो, गेम करणाराच प्रश्नांची उत्तरे देतो. ती हसली. "म्हणजे तुझ्यावरच भरवसा ठेवायचा की." तिचे बरोबर होते, आणि म्हणूनच चक्रीबाबत खोटेच 'नाही' असे लिहून सुटण्याचा मार्ग मी घेतला नाही. तो मोह झाला नव्हता असे नाही.

शेवटी आम्ही चक्री खेळातून काढली. आता नातू त्याच नाण्यांनी रिंगा फेकतो, त्यात नेम लागतो, आणि नेम गोफणीने त्याला शिकवलेलाच असतो. भेळेचा प्रसंग राहिला, पण पोराने काही गमावलेले नसल्यामुळे तो पूर्वीसारखा लागत नाही, हे मला प्रत्येक वेळी जाणवते. चक्री मामेभावाने पालाच्या मागे नुसती काढून ठेवली आहे, न फिरणारी. प्रश्नावली पुन्हा भरली. १८ गेले. चंचीमुळे ३ मिळाले नाहीत, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही.

गेम दुकानात आला त्या दिवशी आमच्या आण्णांनी तो माझ्या फोनवर शेवटपर्यंत खेळला. यात्रेत पोचल्यावर ते त्या उभ्या चक्रीवर बोट दाबत राहिले. "ही बंद का रे? माळेगावात चक्री कधी बंद असती का?" मी पेगीपासून सुरुवात करणार होतो, तेवढ्यात मामेभाऊ म्हणाला, "आत्ताच पोलिस येऊन गेलेत, आण्णा." त्यांनी मान डोलावली आणि रिंगा फेकायला घेतल्या.