एकट्यानं राहायचं घर जुलैत बघावं

बेळगाव-खानापूर भागात लोक घर बघायला दिवाळीनंतर बाहेर पडतात. तेव्हा रस्ते कोरडे असतात आणि प्रत्येक घर बरंच दिसतं. साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसानं मात्र घर जुलैत बघावं, आणि पसंत पडलं तर अंधार पडल्यावर आणखी एकदा जाऊन यावं.

आधी पावसाचं पाणी. वडगाव-शहापूरच्या शिवारात बळ्ळारी नाला भरला की पाणी पसरतं. ज्या लेआउटच्या (प्लॉट पाडलेल्या वसाहतीच्या) जागी पूर्वी भात व्हायचं, तिथं भिंतीला खालून ओल चढते. घरमालक पावसाळ्याआधी भिंतीला नवा रंग देतो, म्हणून नुसतं बघून कळत नाही. फरशीपासून हातभर उंचीवर भिंत नखानं खरवडा, कपाटाच्या मागे वास घ्या. दमा किंवा सांधेदुखी असेल तर अशा घराचं भाडं निम्मं असलं तरी नको. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं वडिलोपार्जित कौलारू घर असतं आणि मन तिकडं ओढतं. पण तिथं दर वर्षी मे महिन्यात कौलं चाळून घ्यावी लागतात, त्याला माणूस मिळवावा लागतो, आणि मोठ्या पावसात वीज गेली की लवकर येत नाही. उन्हाळ्यात तिथं राहावं, पावसाळ्यात शहरात खोली असावी, ही सोय परवडत असेल तर सगळ्यात चांगली.

मग नळाचं पाणी. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं. काही वॉर्डांत ते चोवीस तास असतं, इतर ठिकाणी दिवसांच्या अंतरानं. किती दिवसांनी येतं आणि रात्री किती वाजता, हे मालकाला नव्हे, शेजारणीला विचारा. एका माणसाला दिवसाला शंभर ते सव्वाशे लिटर धरलं आणि पाणी पाच दिवसांनी येत असेल तर सहाशे लिटर लागतात. हजार लिटरची टाकी पुरते. खरी अडचण सम्पची, म्हणजे जमिनीखालच्या टाकीची असते. झाकण जड, अंगण ओलं, आणि रात्री वाकून पाणी किती चढलं ते बघायचं. मोटरीला पाण्याच्या पातळीवर आपोआप चालू-बंद होणारं बटण बसवून घ्या आणि सम्पला हलकं, कुलूप लागणारं झाकण करा. हे दोन्ही मालक करून देणार असेल तरच घर ठरवा.

घरात शिरल्यावर हॉल नंतर बघा, आधी न्हाणीघर बघा. दाराची मोकळी रुंदी ३२ इंच हवी, नाहीतर उद्या वॉकर आत जाणार नाही. दार बाहेर उघडणारं हवं, कारण माणूस आत दारालाच पडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. आतली कडी काढून बाहेरून नाण्यानं फिरवता येईल असं कुलूप लावा. कमोडची बैठक जमिनीपासून १७ ते १९ इंच, शेजारी ३३ ते ३६ इंचांवर आधाराचा दांडा. तो विटांच्या भिंतीत नीट ठोकलेला पाहिजे; टाईलवर चिकटवलेला दांडा वजन पडताच निघतो. उंबरठा काढता येत नसेल तर त्याला पिवळी पट्टी मारा. शहाबादी फरशी पावसाळ्यात घाम येऊन निसरडी होते. माडीवरचं घर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

जागा निवडताना एकच हिशेब करा: रात्री दोनला कोण किती वेळात पोचेल? सिव्हिल आणि केएलई ही दोन्ही मोठी हॉस्पिटलं शहराच्या उत्तरेला. दक्षिणेच्या अनगोळकडून निघताना रेल्वे गेट पडलेलं असेल तर तो वेळ मोजा. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, पण राज्याच्या हद्दीपलीकडच्या हॉस्पिटलात तुमचं उपचारांचं कार्ड चालतं का, हे आजार नसताना काउंटरवर जाऊन विचारा. गल्लीतल्या घराचा मोठा फायदा असा की सकाळी दार उघडलं नाही तर चार लोक विचारतात. एक किल्ली अशाच शेजाऱ्याकडं ठेवा. नातेवाईक दहा किलोमीटरवर असेल तर ती किल्ली रात्री उपयोगी पडत नाही.

बेळगावात लीजवर घर घेण्याची पद्धत आहे: एकरकमी रक्कम द्यायची, भाडं नाही, सोडताना रक्कम परत. आयुष्याची पुंजी इथंच अडकते. करार वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर त्याची नोंदणी करावीच लागते. शंभराच्या स्टॅम्पवरच्या सह्या कोर्टात फार टिकत नाहीत. आधी ई.सी. (मिळकतीवरच्या बोजांचा नोंदणी कार्यालयातला दाखला) काढून घरावर बँकेचा बोजा आहे का ते बघा. खाता, उतारा, ई-स्वत्तू (ग्रामपंचायतीतली मिळकतीची ऑनलाइन नोंद) यांचे फॉर्म कन्नडमध्ये असतात. ते विकणाऱ्याच्या माणसाकडून वाचून घेऊ नका, स्वतःचा वकील किंवा ओळखीचा माणूस न्या.

आणि स्वतःचं घर पुतण्याच्या किंवा मुलाच्या नावावर करून त्याच घरात राहायचं असेल तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, ते ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीच्या जोरावरच लागतं. तोंडी शब्दावर प्रांताधिकाऱ्यांपुढं फार काही सिद्ध होत नाही. अडचण आली तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

वृद्धाश्रम बघायला गेलात तर जेवण चाखू नका, एवढंच विचारा: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ठेवता का? कितीतरी ठिकाणी फक्त चालतं-फिरतं माणूस घेतात. डिपॉझिट परत मिळण्याची अट लेखी मागा, आणि रात्री नऊनंतर न सांगता एकदा फाटकावर जाऊन बघा, दार उघडायला कोण येतं ते.