तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्पेल मारला, तरी सांगाडा उभा कसा?

भुसावळात आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (फासे टाकून, गोष्ट रचत खेळायच्या जादू-लढाईच्या खेळाचा) ग्रुप जमतो, त्यात डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, बहुतेक वेळा मीच. नवा खेळाडू जरा रुळला की त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो: "काय भो, डिस्पेल मॅजिक मारला ना मी? मग हा सांगाडा अजून उभा कसा?" जळगावची पोरं विचारतात, धुळ्याचा एक मित्र फोन करून विचारतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी एवढंच बघा, की जादू आत्ता चालू आहे की काम करून निघून गेली. डिस्पेल मॅजिक म्हणजे जादू मोडणारा स्पेल (मंत्र), आणि तो चालू स्पेललाच धरतो. सांगाडा उठवणारा ॲनिमेट डेड हा 'इन्स्टंटेनियस', म्हणजे क्षणात संपणारा स्पेल आहे. हाडं उठून उभी राहिली, तिथेच तो संपला. आता समोर आहे तो नुसता सांगाडा, त्याला गदाच हाणा. फायरबॉलने पेटलेलं छप्परही तसंच. ती आग साधी, पाण्यानेच विझणार. यावर कुणी कुरकुर केली तर मी सांगतो, की याच नियमामुळे क्युअर वूंड्सने भरलेली तुझी जखम शत्रूला डिस्पेल मारून उघडता येत नाही. मग कुरकुर थांबते.

आकडे सोपे आहेत. स्पेलना ताकदीप्रमाणे लेव्हल असते; तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पेल आपोआप जातो. त्यावरचा असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला मॉडिफायर (आपल्या पात्राच्या जादूच्या गुणाचा ठरलेला आकडा) मिळवायचा आणि १० अधिक त्या स्पेलची लेव्हल गाठायची. रूप बदलणारा पॉलीमॉर्फ चौथ्या लेव्हलचा, म्हणजे १४ हवेत. डिस्पेलच चौथ्या लेव्हलच्या स्लॉटने (स्पेल टाकायला खर्च होणाऱ्या मोजक्या ताकदीने) टाकलात तर फासा लागतच नाही.

गंमत पुढे आहे. डिस्पेल माणसावर टाकला की तो आपलं-परकं बघत नाही. समजा, तुमच्या लढवय्यावर शत्रूने जागीच जखडणारा होल्ड पर्सन टाकलाय आणि त्याच्याच अंगावर तुमच्या विझर्डचा (जादूगाराचा) वेग वाढवणारा हेस्ट चालू आहे. तुम्ही त्याला सोडवायला डिस्पेल मारता. होल्ड जातो, हेस्टही जातो. आणि हेस्ट संपला की नियमाप्रमाणे त्या माणसाला एवढी मरगळ येते, की त्याची पुढची पाळी होईपर्यंत त्याला ना हलता येतं ना काही करता येतं. सोडवलेला गडी पुन्हा खांबासारखा उभा! माझ्या मते या स्पेलचा खरा उपयोग उलट आहे: हेस्ट लावून नाचणाऱ्या शत्रूवर तो मारा. साठ फुटांवर उडणाऱ्या जादूगाराचा फ्लाय उतरवा, तो खाली पडेल आणि दर दहा फुटांना एक याप्रमाणे सहा बाजूंच्या सहा फाशांइतकी इजा त्याला होईल. अर्थात त्याच्याकडे पडणं हळू करणारा फेदर फॉल नसेल तर.

काही स्पेल मुळातच दाद देत नाहीत. वॉल ऑफ फोर्सवर (जादूच्या अदृश्य भिंतीवर) डिस्पेल चालत नाही, ती डिसइंटिग्रेट या भुगा करणाऱ्या स्पेलने फुटते. वॉल ऑफ स्टोन, म्हणजे जादूची दगडी भिंत, सुरुवातीला डिस्पेलने जाते. पण जादूगाराने दहा मिनिटं पूर्ण लक्ष टिकवलं की भिंत कायमची होते, मग डिस्पेलने काही होत नाही.

अँटिमॅजिक फील्डचा प्रकार वेगळा. आठव्या लेव्हलचा स्पेल, टाकणाऱ्याभोवती दहा फुटांचं वर्तुळ, तासभरापर्यंत टिकतं. त्यात जादू मोडत नाही, दबून राहते. मंतरलेली तलवार आत साधं लोखंड होते, बोलावलेला प्राणी गायब होतो आणि वर्तुळ पुढे सरकलं की परत येतो. स्पेलची वेळ मात्र चालूच राहते. केळीवाल्यांना हे लगेच कळतं: शेतीपंपाच्या ठरलेल्या तासांत लाईट गेली, तर ते तास कुणी भरून देत नाही. आणि या फील्डवर डिस्पेल मारून उपयोग नाही, त्याला काहीच होत नाही.

सगळ्यात जास्त भांडणं काउंटरस्पेलवरून. समोरचा स्पेल टाकताना दिसला, तो साठ फुटांच्या आत असला, तर रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी एकच झटपट कृती) वापरून त्याचा स्पेल हाणून पाडायचा. खेळाच्या २०१४च्या नियमात तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पेल सरळ पडायचा आणि समोरच्याचा स्लॉटही वाया जायचा. २०२४मध्ये समोरच्याला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (शरीराच्या काटकपणावर फासा टाकून बचावाची संधी) मिळाला, आणि स्पेल पडला तरी स्लॉट शाबूत राहतो. मला नवा नियम आवडतो. जुन्यात डीएमने रंगवून आणलेला खलनायक पहिल्याच पाळीला हात चोळत बसायचा.

खेळाडू विचारतात, "दादा, तो कोणता स्पेल टाकतोय ते तरी सांगा!" मी सांगत नाही. २०१७च्या पुरवणी नियमांत टाकला जाणारा स्पेल ओळखायलाही रिॲक्शन लागते आणि अर्केनाच्या चेकला (जादूच्या ज्ञानावर टाकलेल्या फाशाला) १५ अधिक त्याची लेव्हल गाठावी लागते. म्हणजे जो ओळखेल, त्याच्याकडे काउंटर करायला रिॲक्शन उरत नाही. आमच्याकडे एकाने ओळखून ओरडायचं आणि दुसऱ्याने पाडायचं, एवढी सवलत मी देतो. पण ओरडायचं एकच शब्द. चर्चा सुरू झाली की फायरबॉल पडला असं समजायचं.