तुम्ही विचारलंत म्हणून: प्लॅन शंभरचा, तरी कॉल का अडकतो?

"स्पीड टेस्ट शंभर एमबीपीएस दाखवते, पण मुलाने फोनवरचे व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला घेतले की मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. मोठा प्लॅन घेऊ का?" नेटवर्किंगमध्ये आहे म्हटल्यावर हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं: पैसे नंतर घाला, आधी राउटरमधली रांग बघा.

पुढे पाठवता येतील त्याहून जास्त पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, आली की राउटर ती बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, रांगेत ठेवतो. मेमरी स्वस्त झाली तसे हे बफर फुगत गेले. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि बफर १ एमबीचा. तो भरला की शेवटी आलेल्या पॅकेटला बाहेर पडायला ०.८ सेकंद लागतात. तुमच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट व्हिडिओमागे तेवढा वेळ ताटकळतं.

पण रांग भरतेच कशाला? ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग ३२ हजार बिट्सवरून सेकंदाला ४० बिट्सवर कोसळला. अंतर होतं जेमतेम ४०० यार्ड! नेटवर्क संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्याच्या मुळाशी जाऊन १९८८ मध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्याने वेग झटकन कमी करायचा, मग हळूहळू वाढवायचा. टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर डेटा पाठवण्याच्या मुख्य नियमावलीच्या, नेहमीच्या पद्धती आजही बऱ्याच अंशी असंच वागतात. म्हणजे हरवलेलं पॅकेट हाच निरोप. अवाढव्य बफर काहीच टाकून देत नाही, निरोप उशिरा पोचतो, आणि तोवर पाठवणारा रेटतच राहतो.

म्हणून वेळेवर टाकलेलं पॅकेट मला नुकसान वाटतच नाही. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये आणलेलं 'कोडेल' हे रांग सांभाळण्याचं तंत्र नेमकं हेच करतं. रांगेत किती पॅकेट्स आहेत हे ते मोजत नाही, ती किती वेळ अडकली हे बघतं. ताटकळणं सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या खाली आलंच नाही, तर ते पॅकेट्स टाकायला लागतं. किती साधं, किती नेमकं! 'एफक्यू-कोडेल' त्यापुढे जाऊन प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतं, त्यामुळे कॉल व्हिडिओमागे अडकत नाही.

तर आज एवढं करा: अपलोड चालू ठेवून पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, बघा. एरवीचे १५-२० मिलिसेकंद शेकड्यांत गेले, तर दोष रांगेचा. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे अशी रांग सांभाळणारी सोय, असेल तर चालू करा आणि वेग प्रत्यक्ष मिळतो त्याच्या ९० टक्क्यांच्या आसपास लावा, म्हणजे रांग तुमच्याच राउटरमध्ये, तुमच्या ताब्यात राहील. स्पीड टेस्टचा आकडा थोडा उतरेल, उतरू द्या. पिंग मुळीच वाढला नाही आणि तरी आवाज तुटला, तर वायफायकडे वळा.